तापवलेली माती

मद्रासमधल्या आमच्या मराठी घरी पुस्तकं कमी आणि पत्रकं फार. अण्णा छापखान्यात खिळे जुळवत, आणि संपाची, सभांची उरलेली पत्रकं घरी आणत. मला अक्षरओळख त्यांच्यावरच झाली. ‘न वाचता सही करू नका’ ही एका पत्रकातली ओळ मी पाठच करून टाकली होती. पुढे तीच मला नडली.

मद्रासच्याच कॉलेजात मी चिकणमातीवर संशोधन करत होते. क्ष-किरणांच्या खोलीला खिडकी नव्हती. समुद्राची दमट हवा यंत्राला सोसत नसे, म्हणून दारही बंद. आत मी, यंत्राची घरघर, आणि कागदाच्या पट्टीवर प्रत्येक मातीच्या खुणेची शिखरं काढत जाणारी सुई. उष्ण, भरपावसाच्या काळात खडक पार कुजतो आणि त्याची केओलिन माती होते. थंड काळात तो तेवढा कुजत नाही. त्यातलं क्लोराइट हे खनिज टिकून राहतं. आम्ही नमुने आणले त्या खाणीत खालच्या थरात क्लोराइट होतं, वरच्या थरात केओलिन. म्हणजे मधल्या काळात इथली हवा तापत गेली, असा माझ्या मार्गदर्शक सरांचा निबंध तयार होता. त्यावर माझी सही झाली की मला पदवी. दुसऱ्या गावच्या कॉलेजात शिकवायची जागाही माझ्यासाठी थांबली होती. मला त्या खोलीतून सुटायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पण दोन्ही मातींचं एक शिखर पट्टीवर एकाच जागी येतं. माती भट्टीत तापवली की केओलिनचं शिखर जातं, क्लोराइटचं राहतं. वरचा थर कुणी तापवलाच नव्हता.

“सर, तापवल्याशिवाय हे केओलिनच आहे असं कसं लिहायचं?”

“मद्रासमध्ये आणखी काय तापवायचं, अम्मा?” सर हसले. “सही कर.”

“नाही करणार.”

“पत्रकवाल्याची मुलगी! संप कर आता.”

“संपच समजा.”

त्यांनी भट्टीच्या खोलीची किल्ली टेबलावर आपटली.

मी वरच्या थराचा एक नमुना तापवला. शिखर राहील किंवा जाईल, एवढंच मी धरून चालले होते. ते अर्धं राहिलं, म्हणजे त्या थरात दोन्ही मिसळलेली होती. सरांनी पट्टी माझ्या हातातून ओढून घेतली.

“म्हणजे अर्धा मी खरा.”

“आणि बाकीचे नमुने?”

“ते तू तापवशील. सगळे. नियम तुझाच ना?”

घरी आई ताट वाढता वाढता म्हणाली, “अगे, दारातलं ऊन दिसत नाही, आणि लाखो वर्षांमागचं ऊन मोजतीस! ती जागा गेली ना आता?”

“गेली.”

अण्णांनी मान वर केली. “सही केलीस?”

“नाही.”

“मग जेव.”

दुसऱ्या दिवशी मी नमुन्यांची पेटी उचलून त्या बिनखिडकीच्या खोलीत गेले. दार उघडं ठेवावंसं फार वाटलं. पण दमट हवा आत आली असती. मीच ते आतून लावलं.