न घासलेला दगड

थांबा, हे आत्ताच सांगते. 'उद्या करते' म्हणायची मला सवय आहे आणि त्या सवयीमुळेच हे सगळं झालंय.

मी डायटमवर काम करते. डायटम म्हणजे एकाच पेशीचं शेवाळ, नुसत्या डोळ्यांना न दिसणारं, पण प्रत्येकाला काचेचं कवच. ओल्या दगडावरून पाय सटकतो ना, त्या तपकिरी बुळबुळीत थरात हे असतात.

मुठा खोऱ्यातल्या एका वाडीच्या झऱ्यावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा टूथब्रशने दगड घासत बसले होते. नमुना असाच घेतात. मागून आवाज आला, "दातं घासल्यागत काय करतीस गं? ह्यो घे काथ्या."

त्या मावशी. सत्तरीच्या. लग्न होऊन वाडीत आल्यापासून दर सोमवारी झऱ्याचे दगड नारळाच्या काथ्याने घासायच्या, पाण्याला येणारं कुणी घसरू नये म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशीही नुकतेच घासून झालेले, त्यामुळे मी मनात वैतागलेच, आता काय मिळणार.

लॅबमध्ये नमुना ॲसिडमध्ये उकळला, स्लाइड केली, आणि त्या घासलेल्या दगडावरच एक डायटम सापडला जो कुठल्याच पुस्तकात नव्हता. कवचावरच्या रेषा मोजल्या, परत मोजल्या, माझ्या गाइड सरांनी मोजल्या. नवीन प्रजाती. मी उड्या मारत वाडीवर गेले. म्हटलं, मावशी, याला तुमचं नाव देऊ?

"दे की. रेशनकार्डावर चुकलंय, तितं तरी नीट लिव."

शोधपत्रिकेला पेपर पाठवला. तपासणाऱ्यांनी कळवलं की जिवंत पेशींचे फोटो हवेत. मी लगेच मावशींच्या सुनेच्या मोबाइलवर फोन लावला. म्हटलं, मावशी, पायरीजवळचा मोठा दगड मी येईपर्यंत घासू नका, थर वाढला की ते जास्त मिळतील.

"कवा येतीस?"

"या रविवारी."

"बरं. ऱ्हाऊ दे मग तुझा दगड."

त्या रविवारी मैत्रिणीचा साखरपुडा होता. पुढच्या रविवारी कंटाळा आला, खरं सांगते, नुसता कंटाळा. त्याच्या पुढचाही असाच गेला. चौथ्या रविवारी पोचले तर सून दारात होती. सासूला ती आत्याबाई म्हणते.

"तुमचा दगड हाय तसाच हाय, न्या. आत्याबाई त्याच्यावरनंच घसरल्या बुधवारी. खुबा मोडला."

ती पुढे म्हणाली, "मी म्हनले व्हते, घासून टाका. तर म्हनल्या, न्हाई, पोरीला सबूद दिलाय."

आणि लाज वाटते सांगायला, मी तरीही नमुना घेतला. त्याच दगडावरून.

मायक्रोस्कोपखाली बघितलं तर नुसते लांब लांब दोरे, भलत्याच शेवाळाचं जंगल. आमचा डायटम जवळजवळ नाहीच. मग कळलं. तो दगडाच्या बारीक खाचांमध्ये चपटा चिकटून बसतो. घासलं की बाकीचे निघून जातात, हा उरतो, याला ऊन मिळतं. मावशी घासत होत्या म्हणूनच तो तिथे होता. मी नेमकं उलटं सांगितलं होतं.

सुनेने रागाने सगळे दगड तारेच्या ब्रशने घासून काढले. दोन आठवड्यांनी तिथे गेले तर तो भरभरून. फोटो झाले, पेपर मंजूर झाला.

मावशी आता लेकीकडे असतात, पुण्याजवळ नांद्याला, सहाव्या मजल्यावर. पलंगावरून खिडकीतली क्रेन दिसते, बाकी काही नाही. मी मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला.

"होडीगत हाय. ह्येच्यापायी पडले व्हय मी?"

त्या हसल्या. मला नाही जमलं. मी सगळं सांगून टाकलं, घासू नका म्हटलं तेच चुकलं माझं. वाटलं, आता बोलतील चार शब्द.

"म्हंजे मी करत व्हते त्येच बराबर व्हतं."

"हो."

"मग तसं लिव."

पेपरात नावाचा खुलासा करताना मी लिहिलं होतं, 'झरा राखणाऱ्या बाईच्या नावावरून'. छापायच्या आधी बदललं, 'झऱ्याचे दगड घासणाऱ्या बाईच्या नावावरून'.

निघताना त्यांनी विचारलं, "आता कोन घासतंय?"

मी म्हटलं, सून घासते. खोटं. वाडीत नळ आलाय, झऱ्याकडे कुणी फिरकत नाही. तेव्हाच ठरवलं, दर सोमवारी आपण काथ्या घेऊन जायचं. पहिले दोन सोमवार मी गेलेही. या सोमवारी नाही गेले.

तुमच्या 'येतेच' या एका शब्दावर कुणी असं थांबून राहिलंय का कधी? मग तुम्ही काय केलंत?