मामांच्या गाडीची मोठी चाकं

माझ्या बायकोचे मामा देवळात गेले, तरी देवाचा चौरंग डुगडुगत नाही ना हे आधी पाहतील आणि मगच हात जोडतील. बांधकाम खात्यातली नोकरी सुटली, पण तपासणी काही सुटली नाही. आमच्याकडे आले की खुर्ची हलवून पाहिल्याशिवाय बसत नाहीत. कडक भाकरी घेताना एक मोडून तिचा आवाज कानाशी ऐकतात. चादर सोलापुरात सगळेच घेतात, मामा मात्र दुकानातल्या गादीवर चक्क आडवे होतात, डोक्यावरून चादर ओढतात आणि आतून विचारतात, "पाय भायेर राहिले का बघा हो." मामी होत्या तेव्हा अशा वेळी त्या समोरच्या दुकानात बांगड्या बघत उभ्या राहायच्या आणि कुणी विचारलंच तर सांगायच्या, "मी न्हाय वळखत त्यास्नी."

मामी गेल्या. मुलगी बंगळूरला. जुळे सोलापूर भागातल्या घरात मामा आणि दारातली छोटी पांढरी गाडी, एवढंच उरलं. त्यातच वैरागच्या रस्त्याला एकदा गाडीचं बूड घासलं आणि मामांनी ठरवलं, गाडी जरा उंच व्हावी म्हणून हिला मोठी अलॉयची चाकं बसवायची. म्हणजे, बसतील का ते बघायचं.

हे बघणं वर्षभर चाललं. दवाखान्याबाहेर, मंडईत, कुठंही तसली गाडी तसल्या चाकांवर दिसली, की मामा तिच्याशेजारी मालकाची वाट बघत उभे. "नमस्कार. वळवताना चाक घासतंय का हो?" हा पहिला प्रश्न. मग गाव कुठलं, मुलं किती, चहा घेणार का. एका लग्नात तर त्यांनी नवरदेवाची सजवलेली गाडीच गाठली. आत नवरी हमसून रडतेय, बाहेर मामा वाकून चाकाच्या वरच्या कमानीत बोटं घालून जागा मोजतायत. काहीतरी हरवलंय असं समजून मुलीकडची माणसंही भराभरा खाली वाकली. शेवटी ड्रायव्हर कळवळून म्हणाला, "न्हाय घासत काका, जाऊ द्या की आता!" तेव्हा रडता रडता नवरीच फिस्सकन हसली. मामा किती तरी दिवस ते सांगत होते.

उत्तर एव्हाना शंभरदा मिळालं होतं. "मामा, एकदाचं ठरवून टाका की," सुनीता, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "गडबड कशाची हाय? उद्या अजून एकाला विचारतो," मामा म्हणाले.

अखेर एका दुपारी त्यांचा फोन आला. "जावईबापू, सुनीला घेऊन या. मागं बसायला माणसं पायजेत." रिक्षानं होटगी रोडवरच्या टायरच्या दुकानात पोचलो, तर दुकानदारानं ती चाकं नुसती बघण्यापुरती चढवली होती. खरंच, गाडी एकदम रुबाबदार दिसत होती. मामा एकट्यानं चक्कर मारून आले. कसलाही आवाज नाही. मग मागं मी, सुनीता आणि जीपचे टायर बदलायला आलेले मोडनिंबचे एक भक्कम पाटील, असे कोंबून बसलो. पहिल्याच खड्ड्यात मागून आवाज आला, खर्रर्र.

परत आल्यावर दुकानदारानं वाकून बघितलं आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, "काका, तुमी एकटंच फिरता न्हवं? मग काय होत न्हाय. मागं माणसं बसली तरच घासतंय."

मामांनी चाकावरून एकदा हात फिरवला.

"काढा," ते म्हणाले.

"अवो, पण लई भारी दिसतंय की..."

"काढा म्हटलं न्हवं. मागं माणसं बसायची हायत."

दुकानदारानं माझ्याकडं पाहिलं. वर्षभर मामांनी चाकांबद्दल सगळ्या जगाला विचारलं होतं, पण ते एकटेच फिरतात ही गोष्ट त्यांना कुणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितली नव्हती.

जुनी चाकं चढली तरी पाटील काही गाडीजवळून हलेनात. "माजी जीप व्हायला येळ हाय," ते म्हणाले आणि दार उघडून पुन्हा मागं जाऊन बसले. "चला की मामा, चहा घिऊ. समदेच."

मामा चहाला आम्हाला कुठल्या कुठं घेऊन गेले. वाटेत त्यांचं तोंड मिटलं नाही. पाटलांच्या द्राक्षांपासून मामींच्या शेंगाचटणीपर्यंत सगळं झालं. एक वळण चुकलं, ते चुकून चुकलं असं मला वाटत नाही. पाटलांना दुकानाशी सोडलं, मग आम्हाला घराशी. "जेवूनच जा," असं सुनीतानं दोनदा म्हटलं, पण "भाकऱ्या करून ठेवल्यात" म्हणत मामांनी गाडी वळवली.

ऊन उतरलं होतं. गर्दीनं उकडतंय म्हणून आम्ही मागच्या दोन्ही काचा खाली केल्या होत्या. मामांनी त्या वर केल्या नाहीत, तशाच उघड्या ठेवून निघाले. कोपऱ्यापर्यंत त्यांचा आवाज ऐकू येत होता. मागं कुणी बसलंय, अशा थाटात ते अजून काहीतरी सांगत होते.