दारात गुडघे टेकणारी फोलाके

फोलाके गेल्याचं तिच्याबरोबर शिकलेल्या चिकेनं मला ऑफिसात फोन करून सांगितलं. नायजेरियात लागोसजवळ बसला अपघात झाला... पुढचं मी नीट ऐकलं नाही. हातातलं काम मात्र पुरं केलं. परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप चालतात. ह्यूस्टनजवळ शुगर लँडला घरी पोचल्यावर कळलं, की आपण फार थकलोय. त्याला काही आठवडे झाले; थकवा अजून उतरलेला नाही.

फोलाके ह्यूस्टनला शिकायला आली तेव्हा जेमतेम विशीतली होती. नायजेरियातल्या योरुबा जमातीतली. त्यांच्यात मुली मोठ्या माणसांना गुडघे टेकून नमस्कार करतात. माझ्या दारात आली की पिशवी खाली ठेवायची, गुडघे टेकायची आणि म्हणायची, "गुड मॉर्निंग, आंटी." मी कानकोंडी व्हायचे. "अगं ऊठ, ऊठ! इथं असं करत नाहीत." "इथं साडी तरी कोण नेसतं, आंटी?"

त्या वर्षी नायजेरियाच्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठात नाचगाण्याचा कार्यक्रम ठरवला. योरुबा, इग्बो, हौसा, तिकडच्या सगळ्या जमाती एकाच रंगमंचावर यायला हव्यात, हा फोलाकेचा हट्ट. सभागृह, दिवे, माइक, खुर्च्या माझ्याकडे. ते सगळं वेळेत झालं. अडलं ते आधी कोण यावर. योरुबा मुलं संख्येनं जास्त, त्यांनी पहिला मान गृहीतच धरला होता. चिके इग्बो, वयानं सगळ्यांत मोठा. त्यांच्या देशातल्या यादवी युद्धात इग्बो एका बाजूला आणि योरुबा दुसऱ्या बाजूला होते; त्यात त्याचा भाऊ गेला होता. "तुमच्या मागूनच यायचं असेल, तर आम्ही येतच नाही," म्हणून तो बैठकीतून निघाला. तो गेला असता तर फोलाकेच्या दृष्टीनं कार्यक्रमात काही उरलंच नसतं. तिनं पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांदेखत त्याच्यापुढे गुडघे टेकले.

"ब्रदर चिके, तुम्ही माझ्याहून मोठे. आधी तुम्ही."

"ऊठ. नाटक पुरे झालं."

"नाटक शनिवारी आहे, ब्रदर. आधी हो म्हणा."

चिकेला हसू आवरेना. तिच्या योरुबा मित्रांनी मात्र पुढे कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. तिनं तो निमूट सोसला. शनिवारी पहिले वाजले ते इग्बोंचे ढोल.

परवा चिके ऑफिसात आला. दारात थांबला, बॅग खाली ठेवली आणि फोलाके टेकायची तिथेच त्यानं गुडघे टेकले. त्याच्या लोकांत ही रीत नाही, हे मला ठाऊक आहे. नेहमीचं "ऊठ, ऊठ" माझ्या ओठांवर आलं होतं... पण म्हणवलं नाही.