उत्तराची पावलं

कोंडीबाच्या पायांत अर्धाच नाच होता, आणि हे त्याला पन्नाशी उलटल्यावर, सोलापुरात गिरणीच्या चाळीत कळलं.

सांगोल्याकडच्या त्याच्या वाडीत धनगरांचा गजीनाच व्हायचा, त्यात जागा घराण्यानं ठरलेल्या. ढोल वाजला की धोंडीरामाच्या घरानं पहिलं पाऊल टाकायचं आणि कोंडीबाच्या घरानं समोरून उत्तर द्यायचं. लहानपणी एकदा त्यानं ते पहिलं पाऊल टाकून बघितलं, तर बापानं थोबाडीत दिली. पुढं मानमोडीचा ताप आला आणि धोंडीरामाच्या घरातलं कुणीच वाचलं नाही. वाडीत रिंगण धरायलाही माणसं उरली नाहीत.

चाळीत मात्र माणसांचा तोटा नव्हता. माढ्याचे, जेऊरचे, अक्कलकोटचे, सगळीकडचे धनगर गिरणीत आलेले. दसऱ्याला बिरोबापुढं नाचायचं ठरलं, तेव्हा पोरांचा म्होरक्या ज्ञानबा त्याच्याकडं आला.

"मामा, तुमच्या वाडीची गिरकी लई नावाजलेली म्हणत्यात. दावा की."

कोंडीबानं हौसेनं धोतर खोचलं. गर्रकन फिरला, खाली बसला, उठला.

"पन ही सुरू कुटनं करायची?"

"समोरच्यानं पाऊल टाकलं की."

"मग टाका की त्येबी."

"ते आमच्या घराचं न्हाय. ज्येंचं, त्ये तापात गेलं."

"आन ज्येंच्या घराचं, त्येंच्यात दिवा लावायला तरी कोन हाय, मामा?"

गिरणीतली पाळी संपली की कोंडीबा चाळीमागं जाऊन ते पाऊल आठवू बघे. आयुष्यभर समोर बघितलेलं. पण डोळे कायम स्वतःच्या पाळीकडं लागलेले. आठवेना. मेलेल्या धोंडीरामाचा संताप येई, बापाचा त्याहून. शेजाऱ्याला शिकवलं असतं तर काय झिजलं असतं?

शेवटी ज्ञानबानं माढ्याकडचं एक उडतं पाऊल गिरकीच्या आधी जोडून टाकलं.

"ह्यो आमचा नाच न्हवं!" कोंडीबा खवळला. "गोधडी केलीसा गोधडी!"

"व्हय की. पर ऊब तर हाय!"

दसऱ्याला कोंडीबा तोंड फिरवून खांबाला टेकला. ढोल घुमला. ज्ञानबानं पाऊल टाकलं आणि समोरच्या ओळीपुढं कोंडीबासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागेकडं बघत राहिला. शिव्या देतच कोंडीबा रिंगणात उतरला.

उडतं पाऊल झटकन संपे. खाली बसून उठायला सवडच मिळेना. दोनदा ताल चुकला. तिसऱ्या फेरीला त्यानं बसणं गाळलं आणि नुसताच फिरला. ताल नेमका जमला. लोकांनी आरोळी ठोकली.

त्यानं मान वळवली. त्याच्या मागची सगळी ओळ, त्याचं बघून, न बसताच फिरत होती.