डॉक्टर शुभांगी म्हणजे मीच!

मी आयुष्यात साधारण वीस मिनिटं दातांचा डॉक्टर होतो. त्यातली एकोणीस मिनिटं माझे पाय लटपटत होते.

खरी डॉक्टर माझी बायको, शुभांगी. नेरूळला तिचा छोटा दवाखाना आहे. मी विमा कंपनीत कारकून. त्या शनिवारी तिची रिसेप्शनिस्ट रजेवर होती आणि शुभांगीला एका पेशंटची कवळी आणायला लॅबमध्ये जायचं होतं. म्हणून मला दवाखान्यात बसवलं.

"कोणी आलं तर थांबवून ठेव. आणि कशालाही हात लावू नकोस!"

मी खरंच कशाला हात लावला नाही! फक्त एसीचा गारठा सोसेना म्हणून तिचा पांढरा अ‍ॅप्रन अंगात चढवला. (बटणं लागत नव्हती, तो विषय वेगळा.)

तेवढ्यात गालाला पदर दाबून जवळच्या सारसोळे गावच्या एक मावशी आल्या आणि सरळ खुर्चीत आडव्या झाल्या.

"डाक्टर, दाढ लय ठनकते. बघ बेगीन!"

"मावशी, मी डॉक्टर नाही हो..."

"मंग कोन हायस? कोट घालून लगनाला चाललास?"

आणि त्यांनी आ वासला. आता, आमच्या घरी माझ्यासमोर तोंड उघडतात ते मला बोल लावायलाच. इतक्या विश्वासाने कोणी उघडलं की माणूस घसरतो हो! मी मोबाईलचा टॉर्च लावला, वाकलो आणि म्हणालो, "हं..." बस, एवढंच!

नेमकं तेव्हाच दार उघडलं. आत एक फाईलवाले साहेब, मागे हवालदार.

"बोगस डॉक्टरांची तपासणी चालू आहे. नोंदणीचं सर्टिफिकेट दाखवा."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. नोंदणी नसताना पेशंट तपासणं हा गुन्हा, हे शुभांगीनेच मला शंभरदा सांगितलं होतं. डोळ्यांसमोर बेड्या आल्या, सोसायटीचं गेट आलं, गेटवर जमलेली अख्खी बी विंग आली! मी भिंतीवरच्या सर्टिफिकेटच्या फ्रेमकडे बोट केलं. साहेबांनी चष्मा लावून फ्रेम वाचली. माझ्याकडे बघितलं. परत वाचली.

"डॉक्टर शुभांगी?"

"हो," मी म्हणालो.

(का म्हणालो? आजपर्यंत मला कळलेलं नाही.)

साहेब माझ्या मिशांकडे बघत राहिले. "तुम्ही?"

"घ-घरी सगळे शुभांगीच म्हणतात."

मावशींना माझी दया आली आणि तिथेच माझा घात झाला.

"साहेब, लय गुनी डाक्टर हाय! नुसता वाकला, तं निम्मं दुखनं पलालं!"

"म्हणजे यांनी उपचार केले?"

"केले तं!"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मी मागे असलेल्या चाकांच्या स्टुलावर कोसळलो, स्टूल सरकलं आणि माझा पाय खुर्चीच्या पेडलवर पडला. खुर्ची घूंऽऽ करत मावशींसकट वर निघाली!

"आय गो! साहेब, डाक्टर मना वर देवाघरी धारतंय!"

हवालदार धावला. मी भीतीने दोन्ही हात वर केले, पाय मात्र पेडलवरच! खुर्ची जाऊन थांबली ती पार टोकाला.

कवळीचा डबा घेऊन शुभांगी आत आली तेव्हा मावशी अधांतरी होत्या आणि मी शरण आलेला होतो. तिने आधी मावशींना खाली आणलं, मग कागदपत्रं दाखवली. नोंदणी, नूतनीकरण, ओळखपत्र, सगळं चोख.

"आणि हे कोण?" साहेबांनी विचारलं.

शुभांगीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"...नवरा."

साहेबांनी नीट चौकशी केली, माझी खरडपट्टी काढली आणि शेवटी लेखी जबाबावर सोडलं. मी लिहिलं, 'मी डॉक्टर नाही. मला दातांतलं काहीही कळत नाही.'

"मॅडम, साक्षीदार म्हणून सही करा."

शुभांगीने कागद वाचला. पेन घेतलं, 'दातांतलं' हा शब्द शांतपणे खोडला आणि सही केली.

"खाडाखोडीवर तुमची सही लागेल," साहेब मला म्हणाले.

मी इतका घाबरलो होतो की तीही करून टाकली.