रिबकाकाकूंचा मलिदा

शेजारीण लांब गेली की तिचे किस्से जास्त साचतात. रिबकाकाकू भोरात आमच्या शेजारच्या खोलीत होत्या, तोवर सांगण्यासारखं काही वाटलंच नाही. आता भांडी घासतानाही एकेक आठवतो!

मी वेल्ह्याकडून लग्न होऊन इथं आले. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरवा चुडा. संक्रांतीला मी कुंकवाचं बोट पुढं केलं, तर त्या मागं सरकल्या. "अगं, मी ज्यू आहे. चुडा, मंगळसूत्र, मेंदी, सगळं तुमचं घेतलं. पण कुंकू तुमी देवाला लावता ना? आमच्या देवाला जोडीला दुसरा चालत नाही!"

"लई कडक दिसतोय!" सासूबाई म्हणाल्या. तिळगूळ मात्र काकूंनी दोनदा घेतला.

*

शनिवार त्यांच्या धर्मात विश्रांतीचा वार, त्या दिवशी काकू गॅसही पेटवायच्या नाहीत. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवायचे, तोही शनिवारी बंद. लोक त्यांना 'शनवार तेली'च म्हणायचे. सासूबाई मारुतीला तेल घालायला निघाल्या की काकू दारातून हसायच्या, "तुमच्या देवाला शनिवारीच तेल लागतं, आणि आमच्या तेल्याला शनिवारीच सुट्टी!"

*

माझी पोर दीड वर्षाची झाली तरी पाऊल टाकेना. डॉक्टर म्हणाले, "चालेल, वाट बघा." मी रोज तिला भिंत धरून उभी करायची. तिच्या गालाला काजळाची तीट लावताना काकूंना विचारलं, "हे तुमच्या धर्मात चालतं का हो?"

"आमचे शिकलेले नाही म्हणतील. म्हणून माझ्या आईनं त्यांना कधी विचारलंच नाही!"

*

मग काकू नवस बोलल्या. पोर चालली की एलियाहू नबीच्या, त्यांच्या प्रेषिताच्या, नावानं मलिदा, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे.

"नवस तुमच्यात पण?"

"तुमचं बघूनच शिकलो असू. मूर्ती तेवढी नाही. नबी रथातून येतो. कोकणात येऊन गेलाय."

"वरंध घाटातनं येणार?" सासूबाई म्हणाल्या. "रस्ता बघून घोडं माघारी फिरंल!"

*

काकूंच्या दाराच्या चौकटीला एक छोटी नळी होती, आत देवाचं वचन. जाता-येता तिला बोटं टेकवून ओठांना लावायच्या. पोर कडेवर असली की तिचाही हात टेकवायच्या. त्यांच्या मुलानं इस्रायलला बोलावून घेतलं तेव्हा काकूंनी नळी काढून नेली, स्क्रूची दोन भोकं राहिली. जाताना मी ओटी भरली, कुंकू सोडून.

फोनवर म्हणाल्या, "इथं मंगळसूत्र बघून विचारतात, तुम्ही हिंदू का? भोरात मी ज्यू होते गं, इथं येऊन हिंदू झाले!" मग हळूच, नेहमीचं, "चालली का?"

"न्हाई अजून, काकू."

*

परवा पोरीनं भिंत सोडली. मी लाटणं हातात तसंच धरून बघत राहिले. डुलत डुलत ती काकूंच्या कुलूप लावलेल्या दाराशी गेली. त्या भोकांपर्यंत हात कुठला पोचतोय! चौकटीला पोचेल तिथं बोटं टेकवली आणि ओठांना लावली.

मागून सासूबाईंचा आवाज आला, "उभी काय राहिलीस? पोहे भिजव!"