टोपीवाली अस्वले

ते प्रकरण आजही आठवते, आणि आठवले की हात आपोआप डोक्याकडे जातो. टोपी आता नाही; निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली.

ऐंशीच्या दशकात मी भंडारा जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. एका गावात एकच दिवस. तो चुकला की ते गाव वर्षभरासाठी गेले. त्या साली एका पाळणेवाल्याने जुने लाकडी घोडे काढून नवे चक्र बनवले होते. कार्टूनसारखी पत्र्याची अस्वले, मातकट अंग, पांढरी टोपी, जाड मिशी, हसरे तोंड. सगळा पावसाळा आणि असेल नसेल ते त्याने त्यात घातले होते.

तहसीलचा परवाना ठाण्याच्या 'ना हरकत'वर अडला होता. मी स्वतः जाऊन नटबोल्ट तपासले, घट्ट होते. सही करणार, तेवढ्यात खबऱ्या आला. अस्वले हुबेहूब तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्यासारखी दिसतात आणि हा विरोधकांचा डाव आहे, म्हणाला. पाठोपाठ वरून फोन. सूत्रधार शोधा, तोवर सही नको.

मंडई दुसऱ्याच दिवशी, आंधळगावात. पाळणेवाला ठाण्याच्या पायरीवर बसून, समोर पुढाऱ्याच्या कार्यकर्त्यांची जीप, आत मी येरझाऱ्या घालतोय. खुर्चीत बसवेना.

अस्वले रंगवणारा पेंटर एकोडीकडचा. त्याला आणले. कोणी सांगितले, कोण भेटले, असे नेहमीचे प्रश्न. तो प्रत्येकाला नाही म्हणे आणि नखातला रंग खरवडे. खोटे बोलणारा उत्तर सजवतो. याच्याकडे सजवायलाच काही नव्हते. शेवटी त्याच्या हाती खडू दिला आणि भिंतीवर ससा काढायला सांगितला. सशाला तेच डोळे, तेच हसू. मग गाय. गाय मत मागायला आल्यासारखी दिसू लागली. हवालदार तोंडाला रुमाल लावून बाहेर गेला.

"काहून रे, तुले दुसरं तोंड येत नाही?"

"दोन इलेक्शनं झाले साहेब, गावोगावच्या भितीवर त्याहीचंच तोंड काढून राहिलो. आता हाताले दुसरं येतच नाही."

सूत्रधार सापडला होता: पुढाऱ्याचा स्वतःचा प्रचार. हे फोनवर कसे सांगावे, ते कुठल्या नियमावलीत नव्हते. मी कार्यकर्त्यांपुढे कागद ठेवला. अस्वल आमच्या साहेबांसारखे दिसते, एवढे लेखी द्या. जीपमध्ये बराच वेळ खल झाला. कागद कोराच परत आला. निदान टोपीचं तरी पाहा, एवढेच म्हणाले.

पेंटरने अस्वलांच्या अंगाचाच उरलेला रंग टोप्यांना फासला. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी मंडईत बंदोबस्ताला गेलो, तर चक्रापाशी पोरांचा गलका.

"काय म्हणून राहिले रे पोट्टे?"

हवालदार जमिनीकडे बघत म्हणाला, "ठाणेदारावर बसतो म्हणून भांडून राहिले, साहेब."

मी पाहिले. मातकट अंगावर मातकट टोपी, म्हणजे आख्खी खाकी वर्दी. मिशी माझीच. पोटही.

चक्र थांबवायला हात उचललाही होता. तो तसाच वर नेला, टोपी काढून काखेत धरली आणि पोरांची रांग लावू लागलो. खालून पाहणाऱ्याला रुबाब सगळा एकाच तोंडाचा दिसतो. टोपीचा रंग वेगळा असेपर्यंत आपल्याला वाटत राहते की ते तोंड दुसऱ्याचे आहे.